चेंडू येण्याआधीची उडी

वेस्का, नेब्रास्का
२ डिसेंबर

प्रिय नेझी,

तुझं पत्र ऑक्टोबरात आलं आणि उत्तर मी आज लिहितोय. आधी त्याची माफी कर. थंडी सुरू झाली की माझ्या उजव्या हाताची बोटं पेन धरत नाहीत, हे एक कारण. दुसरं असं की मी आठवी शिकलेला माणूस, तू विद्यापीठात. दोन ओळी लिहिल्या की वाटतं, हिला हे काय सांगायचं? मग कागद तसाच राहतो. फोन करायचा तर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी घाईनं ठरवून टाकतो, हे तुला माहीत आहे.

पण आता लिहिल्याशिवाय राहवेना. काल सकाळी मी धान्याच्या कोठारावर कॉफी प्यायला गेलो. व्हर्लन तिथं नेहमीसारखा स्टोव्हजवळची खुर्ची अडवून बसला होता. मला बघून म्हणाला, "एमिल, तुझी नात चालली म्हणे."

"कुठं चालली?"

"दक्षिणेकडं. मोठ्या विद्यापीठात. माझ्या जावयाच्या फोनवर आलंय."

"तुझ्या जावयाच्या फोनवर गेल्या वर्षी तू मेल्याचंही आलं होतं."

"तो माझा चुलतभाऊ होता, आणि तो खरंच मेला. म्हणजे बातमी खोटी नव्हती, माणूस तेवढा चुकला होता."

सगळे हसले. मलाही हसावं लागलं. पण कॉफी अर्धी टाकून मी घरी आलो.

नेझी, मी तुझ्यावर नजर ठेवत नाही. पण नोव्हेंबरातला तुझा शेवटचा सामना मी सहाव्या रांगेतून पाहिला, तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. आपल्या सोकोल व्यायामशाळेच्या हॉलमध्ये मी चाळीस वर्षं व्हॉलीबॉलची जाळी बांधली, सात फूट चार इंचांवर, पट्टीनं मोजून. किती पोरी खेळताना पाहिल्या असतील. पण तुझी ती उंच मैत्रीण, ओडेसा, तिच्यासारखं काही पाहिलं नव्हतं. चेंडू अजून तुझ्या बोटांना लागलाही नव्हता आणि ती जमिनीवरून सुटली होती. मी घाबरलो. म्हटलं, चुकली ही पोरगी, आता रिकामी खाली येणार. तेवढ्यात चेंडू तिच्या हाताखाली जाऊन असा थांबला, जणू तिथं फळी ठोकलेली होती. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा कोपर धरला. मी त्यांना ओळखतही नव्हतो.

ते कसं करता तुम्ही? आणि ते सोडून तू जाणार आहेस का? जे असेल ते खरं कळव. गाडीच्या टायरांकडे बघ, मागच्या वेळी डावं गुळगुळीत झालं होतं.

तुझा आजोबा,
एमिल

*

७ डिसेंबर

प्रिय आजोबा,

टायर बदललं. दोन्ही.

व्हर्लनच्या जावयाचं या वेळी निम्मं बरोबर आहे. मी अजून कुठंच चालले नाही, पण बोलावणं आलंय. नाताळाच्या सुट्टीत समोर बसून सांगणार होते, पण तुम्ही तोवर जेवणार नाही, म्हणून लिहिते.

दक्षिणेतल्या त्या विद्यापीठाला माझ्यासारखी चेंडू चढवून देणारी, सेटर, हवी आहे. एका वर्षाचे एक लाख नव्वद हजार डॉलर देतो म्हणतात. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचाल, म्हणून पुन्हा लिहिते: एक लाख नव्वद हजार. हे चोरून नाही. आता विद्यापीठं खेळाडूंना उघड पैसे देतात. इथं मला अकरा हजार मिळतात आणि एका बियाण्यांच्या कंपनीची टोपी घालून फोटो काढल्याचे वर थोडे.

मी तिथं दोन दिवस जाऊन आले. त्यांचा हॉल दहा हजार माणसांचा आहे. खेळाडूंसाठी वेगळा स्वयंपाकी आहे. एक माणूस फक्त उड्या मोजायला ठेवलाय. आणि आजोबा, त्यांच्याकडे ओडेसाच्या तोडीच्या चार जणी आहेत. चार! मी कठड्याला धरून उभी होते आणि माझी बोटं आपोआप हलत होती.

जायचं असेल तर सात जानेवारीच्या आत विद्यापीठ बदलणाऱ्यांच्या यादीत नाव घालावं लागतं. नाव घातलं की इथल्या कोचवर मला ठेवण्याचं बंधन राहत नाही. म्हणजे एक पाय इकडं, एक तिकडं असं करता येत नाही. माझ्या वतीनं सगळं बोलायला एक एजंट आहे. (त्याला दलाल म्हणू नका. तुम्ही म्हणणार हे मला माहीत आहे.) काही बोलणी चालू आहेत, ती सांगून तुमची झोप उडवत नाही.

मला इथंच राहायला आवडेल. पण नुसत्या आवडण्यावर सगळं ठरत नाही.

ओडेसाच्या उडीबद्दल विचारलंत. मी तिला चेंडू देत नाही, आजोबा. ती जिथं असणार आहे, तिथं तो ठेवते. ती चेंडू दिसेपर्यंत थांबली तर समोरच्या पोरींनाही तो दिसतो आणि त्यांचे हात वर येतात. म्हणून ती आधी उडते. आम्हाला हे जमायला दीड वर्ष लागलं. तोवर ती किती वेळा रिकामी खाली आली, विचारू नका.

हे कुणालाही सांगू नका. व्हर्लनला तर मुळीच नाही.

तुमची,
नेझी

*

१५ डिसेंबर

प्रिय नेझी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला आणि आता रोज ते कॅलेंडर उलटून बघतो. तुझी आजी आणि मी हे घर घेतलं तेव्हा एवढ्या पैशात अख्खी गल्ली आली असती. चेंडू बोटांच्या टोकांनी वर ढकलायचे एवढे पैसे! वाईट म्हणत नाही, चक्रावून गेलोय. आपल्या हॉलमध्ये, मी बांधलेल्या जाळीवर, खांबाला पाय अडकून दात पाडून घेणारी पोरगी, आणि तिच्या दहा बोटांसाठी एक विद्यापीठ एवढं मोजायला तयार आहे. मी हॉलमध्ये जाऊन तो खांब बघून आलो. काय बघायचं होतं कुणास ठाऊक.

आता कबुली. मी व्हर्लनला सांगितलं. सगळं नाही. आकडा नाही. फक्त एवढंच म्हणालो की पोरीला राहायचंय, पण पैशांची गाठ पडलीय. त्याचा एक कान गेलाय, दुसऱ्यात काय गेलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी चर्चच्या बायकांनी ठरवलं की रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात सूपाचं जेवण ठेवायचं आणि दाराशी डबा ठेवायचा, ज्याला जे टाकायचं ते टाकावं. तुझ्यासाठी.

नेझी, तू असायला हवी होतीस. आपल्या गावात तीनशे माणसं, आणि जेवायला पाचशे आली. लिव्हरच्या गोळ्यांचं सूप दुपारी एकलाच संपलं, मग डुकराचं मांस आणि आंबट कोबी वाढला. खसखशीचे गोड पाव, आपले कोलाचे, तर मला मिळालेच नाहीत. शेजारच्या गावच्या शाळेतल्या पोरी आल्या होत्या, सगळ्या तुझ्या नंबरचा शर्ट घालून. ज्या एडनाशी तुझी आजी वीस वर्षं बोलली नाही, ती भांडी घासत होती. एवढी माणसं एका पोरीच्या खेळासाठी जमलेली मी कधी पाहिली नव्हती. मी जिन्यात उभा राहिलो, मला खाली उतरवेना.

आणि तुझ्या कोचबाई आल्या, हेल्स्ट्रॉम. कुणीतरी बोलावलं होतं. सूप खाऊन त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "एमिल, मला झोप नाही. खरं सांगा, पोरगी राहणार आहे का?"

सगळे ऐकत होते. तू पत्रात लिहिलंस की राहायला आवडेल. मी म्हणालो, "नेझी कुठंही जात नाही. माझा शब्द." आणि हात पुढं केला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. व्हर्लननं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच.

मला वाटतं मी तुझ्या मनातलं ओझं उतरवलं. तुला संकोच वाटत होता, माझ्या लक्षात आलं. डबा मी बँकेत ठेवलाय, तू आलीस की तुझ्या हातात देईन.

रस्ते निसरडे आहेत, गाडी हळू चालव.

तुझा आजोबा,
एमिल

*

१८ डिसेंबर

आजोबा,

तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कळलेलं नाही, म्हणून शांतपणे लिहायचा प्रयत्न करते. हा चौथा कागद आहे.

पत्रात ज्या बोलण्यांबद्दल लिहिलं नव्हतं, ती ही होती: मी कोचकडे साठ हजार मागितले होते. दक्षिणेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तेवढे मिळाले असते तर मी राहिले असते. कोच त्यांच्या वरिष्ठांशी बोलत होत्या, आणि एजंट म्हणाला होता की शुक्रवारपर्यंत होकार येईल.

आमच्या संघासाठी वर्षाचे पैसे म्हणजे एकच भांडं असतं. त्यातून चौदा जणींना द्यायचं. एकीला जास्त वाढलं की दुसरीच्या ताटात कमी. ओडेसालाही पश्चिमेकडून ऐंशी हजारांचं बोलावणं होतं. कोचना आम्हा दोघींना ठेवणं परवडत नव्हतं, कुणातरी एकीवर पैसे लावायचे होते. आणि रविवारी तुम्ही पाचशे माणसांसमोर हात पुढं केलात. कोचना वाटलं, घरचा म्हातारा माणूस शब्द देतोय, म्हणजे एजंट नुसती हवा करतोय. पोरगी अकरा हजारांतही राहील. सोमवारी सकाळी त्यांनी ओडेसाला पंचेचाळीस हजार देऊन सही घेतली. भांडं रिकामं झालं.

त्यांच्यावर मला रागावता येत नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

तुमच्या गावात हात हातात दिला की झालं. पण हात माझे आहेत, आजोबा. विकायचे की ठेवायचे ते मी ठरवायचं होतं. आणि डबा? सूपाच्या पैशांवर मी ही बोटं फुकट देऊ? एडनानं भांडी घासली म्हणून?

नाताळाला येत नाही. आईला सांगितलंय.

नेझी

*

२२ डिसेंबर

प्रिय नेझी,

तुझं पत्र शनिवारी आलं. आज सकाळी मी गाडी काढली आणि नव्वद मैल तुझ्या विद्यापीठात गेलो. तू तुझ्या आईकडे गेलेली असशील हे माहीत होतं. तुला भेटायला नव्हतोच गेलो, तोंड कुठं होतं. कोचबाईंना भेटायला गेलो. बर्फ होतं, चाकांना साखळ्या लावल्या होत्या, काळजी करू नकोस.

मी त्यांना म्हणालो, "रविवारी मी जो शब्द दिला, तो माझा नव्हताच. दुसऱ्याच्या खिशातला होता. तो परत घ्यायला आलोय."

त्यांनी उठून खोलीचं दार लावलं. मग म्हणाल्या, "एमिल, शब्द परत देते. पैसे गेले. चूक माझीही आहे. मी तिला विचारायला हवं होतं, मी तुम्हाला विचारलं. बरं वाटेल असं उत्तर कुठं मिळेल ते मला ठाऊक होतं."

परत निघताना हॉलचं दार उघडं दिसलं. आत ओडेसा एकटीच होती. चेंडू नाही, कुणी नाही. जाळीपाशी दोन पावलं टाकायची, उडी मारायची, हवेत हात फिरवायचा, खाली यायचं. पुन्हा तेच. मी दारात उभा राहिलो. साडेसहा फुटांजवळची पोरगी, आणि खाली उतरताना मांजरासारखा आवाज नाही.

मला बघून थांबली. "तुम्ही सूपवाले आजोबा ना?"

"हो."

"माझ्यासाठी एक वाटीही ठेवली नाहीत. नेझीनं मला फोटो दाखवले."

मी विचारलं, "चेंडूशिवाय कसली प्रॅक्टिस?"

म्हणाली, "नेझीबरोबर खेळायचं तर चेंडू बघायची सवय मोडावी लागते. बघितलं की मी थांबते. थांबले की उशीर होतो." मग टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली, "पश्चिमेचे ऐंशी हजार सोडले मी. आई तर अजून माझ्याशी बोलत नाहीये. पण कोच म्हणाल्या, नेझीच्या आजोबांनी हात दिलाय, ती राहतेय. मग मी दुसऱ्या दिवशी सही केली. तिच्याशिवाय मला ऐंशी हजारांची उडी येते कुठं?"

नेझी, तो शब्द माझा नव्हताच, हे मी तिला सांगितलं नाही. तिच्याशी खोटंही बोललो नाही. टोपी हातात धरून नुसता उभा राहिलो. तिनं पुन्हा दोन पावलं टाकली आणि उडाली. मी आयुष्यात बैल पाहिले, घोडे पाहिले, कोठारावर शंभर फूट चढणारी माणसं पाहिली. पण कुणावर विसंबून असं जमीन सोडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्यात तू होतीस, आणि माझा खोटा शब्दही होता.

हे तुला थांबवण्यासाठी लिहीत नाही. मी तुला मोकळं केलंय, कोचबाईंसमोर. तुझे हात तुझे आहेत. फक्त मी काय केलं ते पुरतं कळावं म्हणून लिहिलं. एका मुलीचे पैसे घालवले आणि दुसरीला हवेत सोडलं. दोन्ही एकाच वाक्यात.

डबा मी परत केला. कुणी किती टाकले ते कुणालाच आठवेना, म्हणून पैसे चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला दिले.

एमिल

*

४ जानेवारी

प्रिय आजोबा,

यादीत नाव घातलं. काल दुपारी. पंधरा तारखेला दक्षिणेला निघते.

तुम्ही स्वतःला दोष देत बसाल, म्हणून एक गोष्ट नीट वाचा. साठ हजार मिळाले असते तर मी राहिले असते, असं मी लिहिलं होतं. आता मला खात्री नाही. त्या चौघींना उड्या मारताना पाहिलं तेव्हापासून मी आतून निघालेच होते बहुतेक. एवढ्या पैशांइतकी मी चांगली आहे का, हे मला बघायचंय. इथं राहिले तर ते कधीच कळणार नाही. तुमच्या शब्दानं मला ढकललं नाही. माझं लपवणं तेवढं उघडं पाडलं.

ओडेसाला मी फोन केला नाही. विचिटाला तिच्या घरी गेले. तिच्या आईनं मला बसायलाही सांगितलं नाही. ओडेसा अंगणात आली, ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे या वेळी चेंडू आला नाही."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "गप गं. उडी माझी होती. मी न विचारता उडते, हाच तर माझा खेळ आहे." आणि वर म्हणाली, "तुझ्या आजोबांना सांग, माझी सूपाची वाटी राहिलीय."

अजून मला तुमचा राग आहे. थोडा. तो जाईपर्यंत लिहीन असं वाटत नाही. औषधं वेळेवर घ्या.

नेझी

*

वेस्का, नेब्रास्का
१५ सप्टेंबर

प्रिय नेझी,

जाळी जुलैत आली आणि मी आज लिहितोय, यापेक्षा वाईट उशीर मी कधी केला नसेल. माफ कर. खरं सांगायचं तर पेटीत पत्र नव्हतं. मी ती दोनदा उलटी करून झटकली. नवी कोरी जाळी, पोलादी दोर, दोन्ही टोकांच्या लाल पांढऱ्या काठ्या, आणि पाठवणाऱ्याच्या जागी फक्त त्या दुकानाचं नाव. पण वेस्कातल्या हॉलला एवढी महाग जाळी दुसरं कोण पाठवणार? व्हर्लन म्हणाला, "सरकारनं पाठवली असेल." मी तोवर शिडी लावली होती. जुनी काढली, नवी चढवली. सात फूट चार इंच, पट्टीनं मोजून. मग वाट बघत बसलो की पाठोपाठ पत्र येईल. आणि तू बहुतेक माझ्या पोचपावतीची वाट बघत होतीस. दोघंही जमिनीवरच.

इथलं सांगतो. मी ओडेसाचा घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवलेला नाही. नव्वद मैल जायचं, नव्वद यायचं. तुझे सामने बघायची माझी सहाव्या रांगेतली खुर्ची मी चालू ठेवली. माझा शब्द होता की आपल्या घरचं, पोस्पिशिलांचं, माणूस कुठं जाणार नाही. तू तर गेलीस, ते तुझं. पण शब्द माझा होता, तर निदान मी तरी जाऊन बसावं. पहिल्या दिवशी थर्मासमध्ये सूप नेलं. तिनं ते उभ्या उभ्या प्यायलं आणि म्हणाली, "यात लिव्हर आहे? आधी का नाही सांगितलं?" आता मी नुसतं शेवया घातलेलं कोंबडीचं सूप नेतो.

तुझ्या जागी पहिल्या वर्षाची एक बुटकी पोरगी आलीय, विनोना. हात चांगले, पण घाबरट. ओडेसा आपली पहिल्या सामन्यापासून आधीच उडते. चेंडू मागं राहतो, नाहीतर डोक्यावरून जातो, आणि ती रिकामी खाली येते. लोक हसले एकदा. मला वाटलं, आता ही थांबायला लागेल, बघून उडेल. कोणीही तेच करेल. एकदा तिला मीच खाली पाडलं, तेही अख्ख्या गावासमोर शब्द देऊन. पण नाही. पुन्हा दोन पावलं, पुन्हा उडी. पाच सामने. मी मोजत होतो. चौतीस वेळा रिकामी.

गेल्या शनिवारी पस्तिसावी. चेंडू विनोनाच्या बोटांना लागायच्या आधी ओडेसा हवेत होती. आणि तो चेंडू तिच्या हाताखाली जाऊन थांबला. फळी ठोकल्यासारखा. त्या बुटक्या पोरीनं दोन्ही हात तोंडावर धरले, तिलाच खरं वाटेना. ओडेसानं तिला उचलून घेतलं. मी उभा राहिलो तेव्हा कळलं की माझी टोपी दोन रांगा पुढं जाऊन पडलीय.

ओडेसाला पैसे मिळतात. विनोनालाही थोडे मिळतात म्हणे. ते मी आता नीट समजून घेतलंय, ते चांगलंच आहे, घामाचे आहेत. पण चौतीस वेळा पडून पस्तिसाव्यांदा जमीन सोडायचे पैसे कोण देतं? तो आकडा कॅलेंडरच्या मागं लिहिता येणार नाही.

तुझे सामने व्हर्लनच्या टीव्हीवर बघतो. चार उंच पोरी आणि मधे तू. चारही जणी आधी उडायला लागल्यात, माझ्या लक्षात आलंय. तू शिकवलंस ना? व्हर्लन म्हणतो, "एमिल, इतका जवळ जाऊ नकोस, काच धुरकट होते."

आता ज्यासाठी पेन उचललं ते. तीन ऑक्टोबरला तुझा संघ इथं येतोय, ओडेसाच्या हॉलमध्ये. मला सहाव्या रांगेत बसवणार नाही, तिथं बसलो तर तुझ्यासमोर तिच्या बाजूला बसल्यासारखं होईल. पाहुण्यांच्या बाजूला बसलो तर तिला वाटेल, म्हातारा पुन्हा फिरला. म्हणून मी तिकीट खिडकीवरच्या मुलाला सांगितलं, मला जाळीच्या खांबाशेजारची जागा दे. म्हणाला, "तिथून नीट दिसत नाही, काका." मी म्हणालो, मी चाळीस वर्षं तिथूनच बघितलंय.

ते तिकीट मी काढून ठेवलंय, तुझं उत्तर यायच्या आधीच. सामना संपल्यावर तू त्या खांबापाशी येशील की नाही, ते मला ठाऊक नाही. येणार नसशील तरी मी तिथंच बसेन. पण एक ओळ तरी लिही. तीन तारखेच्या आत, लवकर. पोस्टमन अकराला येतो आणि साडेदहापासून मी दारात उभा असतो, आणि आता सकाळी गार वारा सुटायला लागलाय.

तुझा आजोबा,
एमिल